नोंदीबाहेरची बेकारी : वसई-विरारच्या रोजगाराचा कागदोपत्री शोध

विरारहून मुंबईला जाणारी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची ही गाडी सकाळी पावणेसातला विरार सोडी आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबे स्थानकातून परत निघे. दिवसाकाठी जाणारी एक, येणारी एक. बसीन, बेरेवला, पहाडी, अंदारू, बांदोरा अशी तेव्हाच्या स्थानकांची नावे. म्हणजे आजची वसई, बोरिवली, गोरेगाव, अंधेरी आणि वांद्रे.

रोजगाराचा इतिहास शोधणाऱ्याला हे वेळापत्रक मोलाचे आहे. मात्र त्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे आधी वेगळे केले पाहिजे. गाडीत कोण बसले, किती जण बसले, कोणी भाजीची पाटी नेली आणि कोण कचेरीत कारकुनीला गेला, हे वेळापत्रक सांगत नाही. ते एवढेच सांगते की, गाडी सकाळी दक्षिणेला जाई आणि संध्याकाळी उत्तरेला येई. घर इकडे आणि काम तिकडे ही मांडणी कंपनीने पहिल्याच दिवशी गृहीत धरली होती. बोरिवलीपर्यंत १९२८ मध्ये आणि विरारपर्यंत १९३६ मध्ये विजेची गाडी आली. पुढे फेऱ्या वाढल्या, डबे बारा झाले, पंधरा झाले. गर्दीची दिशा तीच राहिली.

वसई-विरारमध्ये बेकारी वाढते आहे, हे आज घरोघरी ऐकू येते. वसई पूर्वेच्या बंद शटरसमोर किंवा नालासोपाऱ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्यासाठी आकडा लागत नाही. इतिहास लिहिणाऱ्याला लागतो. पण या शहरापुरता दरवर्षीचा बेकारीचा आकडा सरकारी पाहण्यांनी कधी प्रसिद्ध केला नाही. जे कागद आहेत ते भलत्याच कामांसाठी तयार झाले. कोणी महसुलासाठी केले, कोणी रेल्वेसाठी, कोणी बांधकामाच्या परवानगीसाठी, तर कोणी साथरोगाच्या बंदोबस्तासाठी. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इथली माणसे जिथे मोजली गेली तिथे त्यांचे काम नव्हते, आणि जिथे काम होते तिथे ती मोजली जाण्याइतक्या संख्येने एका छपराखाली नव्हती.

सहावा वर्ग

जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ साली निघाले. त्यांतली वसई बागायतीची आहे. केळी, ऊस, नागवेलीची पाने, मिठागरे, किनाऱ्यावरची मासेमारी आणि आगाशीची सुकेळी. मुंबईच्या बाजारावर जगणारा, पण आपल्या जमिनीवर राबणारा हा मुलूख आहे. गॅझेटियरला इथला माल कुठे जातो याची कळकळ आहे. माणसे कामासाठी कुठे जातात, हा प्रश्न त्याला फारसा पडत नाही, कारण ते काम महसूल खात्याचे नव्हते.

गॅझेटियरमागे १८८१ ची जनगणना उभी आहे. तिने व्यवसायानुसार लोकांचे सहा वर्ग पाडले होते. सरकारी नोकर, घरगुती चाकर, व्यापारी, शेतकरी, कारागीर, आणि उरलेल्यांसाठी सहावा वर्ग : ‘अनिश्चित व अनुत्पादक’, मुलांसकट. पाळण्यातले पोर, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, घर सांभाळणारी बाई आणि काम न मिळालेला धडधाकट गडी हे सगळे या एकाच रकान्यात गेले. त्यातून बेकार वेगळा काढण्याचा मार्ग नाही. म्हणून त्या काळी वसईत बेकारी नव्हती असे कोणी म्हणत असेल तर त्याला या कागदाचा आधार मिळणार नाही, आणि होती म्हणणाऱ्यालाही नाही. बागायतीच्या घरात काम कमी झाले तरी माणूस कामावरून निघत नाही. तेवढेच काम जास्त हातांत वाटले जाते. वाडवळ असो वा सामवेदी ख्रिस्ती, वाडीवर घरातले सगळेच हात लागत. अशा घरातली मंदी जनगणनेला दिसत नाही. ती दिसली तर सावकाराच्या वहीत दिसेल.

पूर्वेचे दाखले

रुळांच्या पूर्वेची गोष्ट निराळी. तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे भात, गवत आणि जंगल. तिथले वारली, मल्हार कोळी आणि कातकरी शेतावर, गवताच्या वखारीत, वीटभट्टीवर राबत. या भागातल्या कामाचा सर्वांत ठोस पुरावा जनगणनेत नाही; तो मुक्तीच्या दाखल्यांत आहे.

वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी वसई तालुक्यातल्या दहिसर गावापासून वेठबिगारांच्या मुक्तीचे काम सुरू केले आणि त्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी मालकाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे, ही रीत जुनी होती. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. उचल फिटत नसे, कारण हिशोब मालकाकडे असे. कायद्याने अशा गड्याला मुक्तीचा दाखला द्यायचा होता आणि पुनर्वसनाचे साहाय्य करायचे होते. १९७८ च्या केंद्रीय योजनेत हे साहाय्य चार हजार रुपये ठरले.

हे दाखले बेकारीच्या इतिहासासाठी का महत्त्वाचे? रोजगाराच्या कोणत्याही तक्त्यात लग्नगडी ‘पूर्णवेळ कामात’ असा मोजला जाईल. वर्षाचे बारा महिने त्याच्या हाताला काम होते. बेकारी शून्य, आणि माणूस गहाण. दाखला मिळाला त्या दिवशी तो मोकळा झाला, आणि कागदाच्या हिशोबाने पहिल्यांदा बेकार ठरू शकला. जमीन नसलेल्या मोकळ्या माणसाला मजुरी शोधत हिंडणे आले. बेकारीचा दर वाढला म्हणजे स्थिती बिघडली, आणि कमी झाला म्हणजे सुधारली, हे सरळ समीकरण वसईच्या पूर्वेला तरी लागू पडत नाही. पुढच्या कागदांकडेही त्याच सावधपणे पाहायला हवे.

घरांचा आराखडा

मुंबईच्या गिरण्यांतला संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरणगावही विरले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याचे ठरले, तेव्हा म्हाडाकडे सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. त्या अर्जांवर गिरणीचे नाव आहे, हुद्दा आहे आणि अर्जदाराचा आताचा पत्ता आहे. हे पत्ते तालुकावार मांडले तर लालबाग-परळमधून उठलेला कामगार कुठे जाऊन टेकला, याचा नकाशा हाती येईल. विरार, नालासोपारा, बदलापूर, कोकणातले गाव, असे त्याचे ठिपके असतील, असे या वस्त्यांत राहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. अर्जांच्या गठ्ठ्यांतून ते मोजून दाखवता येण्यासारखे आहे.

दुसऱ्या बाजूने वसईची जमीन मोकळी होत होती. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये मंजूर झाली. वसईचा मोठा भाग हरित पट्ट्यात होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली झाली आणि १९९० मध्ये सिडको वसई-विरार उपप्रदेशाचे विशेष नियोजन प्राधिकरण झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई संरक्षण समितीने विहिरी, टँकर, वाड्या आणि गुंडगिरी हे प्रश्न लावून धरले. त्या लढ्याची आठवण पर्यावरणाचा लढा म्हणून राहिली. पण तो एका अर्थी रोजगाराचाही होता. वाडी विकली की घराला एकदाच पैसा मिळतो आणि घरातल्या चार हातांचे रोजचे काम कायमचे जाते. विक्रीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे होते. गेलेल्या कामाची कुठेच होत नाही.

इमारतींचा वेग जनगणनेत दिसतो. २००१ मध्ये नालासोपारा १ लाख ८४ हजारांवर, विरार सुमारे १ लाख १९ हजार, नवघर-माणिकपूर १ लाख १६ हजारांवर आणि वसई सुमारे ४९ हजार होते. म्हणजे चारही नगरपरिषदा मिळून पावणेपाच लाखांच्या आतबाहेर. २०११ मध्ये वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. या दोन आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही, कारण मधल्या काळात हद्दीत गावे आली. तरी दहा वर्षांत शहर झपाट्याने वाढले, हे निश्चित. एवढ्या घरांना पुरेल एवढे काम इथे उभे राहिले का, या प्रश्नाचे उत्तर आराखड्यात मिळत नाही. आराखड्यात रस्ते, शाळा, मैदाने यांच्यासाठी आरक्षणे असतात. नोकरीसाठी आरक्षित भूखंड नसतो.

दहा, वीस, पंचवीस, पन्नास, शंभर

तरीही वसईत उद्योग आहेत आणि पुष्कळ आहेत. नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव, चिंचपाडा, पेल्हार या पट्ट्यात हजारो गाळे आहेत. तारापूरसारखी एमआयडीसी इथे नाही. खासगी जमिनीवर बांधलेल्या इंडस्ट्रियल इस्टेटींत खाली शटर, वर पोटमाळा, आत चार यंत्रे आणि आठ-दहा माणसे, असा इथला कारखाना. प्लास्टिक, पॅकेजिंग, सुटे भाग, बॅगा, नकली दागिने. मुंबई शहरात नव्या कारखान्यांवर निर्बंध आले, जागा महागली, तेव्हा लहान मालक हायवेच्या कडेने उत्तरेला सरकले. गाळ्याला ‘कंपनी’ म्हणायची पद्धत आहे, आणि “कुठे आहेस?” या प्रश्नाला “वालीवला कंपनीत” हे उत्तर असते.

या कंपनीचा कागद शोधू लागले की २०२५ पर्यंत लागू असलेल्या कायद्यांतल्या आकड्यांची एक शिडी समोर येते. कारखाने अधिनियम १९४८ वीज वापरणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांपासून आणि विजेविना चालणाऱ्याला वीसपासून लागू होता. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने या मर्यादा वीस आणि चाळीस केल्या. राज्य विमा दहापासून. भविष्यनिर्वाह निधी वीसपासून. रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचा १९५९ चा कायदा खासगी क्षेत्रात पंचवीसपासून. औद्योगिक विवाद अधिनियमानुसार आस्थापना बंद करण्याआधी साठ दिवसांची नोटीस देणे पन्नास कामगारांपासून, आणि बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी शंभरपासून.

आता आठ माणसांचा गाळा या शिडीवर ठेवून पाहा. तो पहिल्या पायरीलाही पोचत नाही. तो उघडला तेव्हा कारखाना निरीक्षकाकडे नोंद नाही. चालू असताना माणसे भरली तर रिकाम्या जागेची नोंद नाही. बंद पडला तर बंदीची नोटीस नाही. वीजमीटर, जागेचा भाडेकरार, मालमत्ता कर आणि असलाच तर जीएसटीचा क्रमांक एवढे त्याचे कागद, आणि त्यांतल्या एकातही कामगाराचे नाव नाही. नव्वद माणसांचा कारखाना नऊ-नऊ माणसांच्या दहा गाळ्यांत, दहा नावांनी चालवणे मालकाला सोयीचे पडते, त्याचे एक कारण या शिडीतच आहे.

मोठ्या आस्थापनांतही दुसरी वाट होती. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला छाटणीच्या भरपाईचा हक्क लागू होतो. म्हणून त्याआधी ‘ब्रेक’ द्यायचा, दोन आठवडे घरी बसवायचे आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचे, किंवा पहिल्यापासून ठेकेदाराच्या वहीत घालायचे. कामगार सांगतो, “बसवलं.” हजेरीपटावर मात्र काढल्याची नोंद नसते, नाव तेवढे पुढच्या पानावर येत नाही. एखाद्या इस्टेटीत किती माणसे कमी झाली हे काढायचे असेल तर बंदीच्या अर्जांपेक्षा चहाच्या टपरीवरची उधारीची वही अधिक खरे सांगेल. पण ती दप्तरखान्यात जात नाही.

या भागातले उद्योग वापी आणि सिल्व्हासाकडे गेले, असे वसईत नेहमी बोलले जाते. सीमेपलीकडच्या करसवलतींमुळे काही मालकांनी तसे केले असणे अगदी शक्य आहे. परंतु वरची शिडी ध्यानात घेतली तर किती गेले आणि किती नुसतेच बंद पडले, याचा निवाडा सरकारी दप्तरातून होणार नाही. दोघांचीही शटर सारखीच खाली येतात.

एक्स्चेंजचे कार्ड

बेकारांची नोंद ठेवणारे खास सरकारी कार्यालय म्हणजे सेवायोजन कार्यालय, लोकांच्या तोंडी ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये या यंत्रणेची सुरुवात झाली, आणि १९५६ मध्ये तिचा कारभार राज्यांकडे आला. दहावी-बारावी झाली की एक्स्चेंजमध्ये नाव घालायचे आणि तीन वर्षांनी कार्ड नूतनीकरण करायचे, हा दोन पिढ्यांचा शिरस्ता होता. वसईची मुले त्यासाठी ठाण्याला जात. आज हे काम महास्वयंम पोर्टलवर होते.

या नोंदवहीचे दोन दोष जुन्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. नोकरीत असलेला माणूस सरकारी जागेच्या आशेने कार्ड चालू ठेवतो, म्हणून आकडा फुगतो. आणि ज्याला तिथून काही मिळेल असे वाटत नाही तो नाव घालतच नाही, म्हणून आकडा आक्रसतो. १९५९ च्या कायद्याने मालकावर रिकामी जागा कळवण्याचे बंधन घातले. पण एक्स्चेंजमधूनच माणूस घेण्याचे बंधन घातले नाही. वसईला तिसरा दोष भोवतो. नाव ठाण्याच्या वहीत आणि काम अंधेरीच्या कंपनीत. अंधेरीची रिकामी जागा मुंबईच्या कार्यालयात नोंदली जाई. म्हणजे काम मागणारा एका दप्तरात आणि काम देणारा दुसऱ्यात.

मग जिल्हाच बदलला. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला : वसई, पालघर, वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, डहाणू आणि तलासरी. त्याआधीच्या जिल्हावार आकड्यांत वसई ही कल्याण, भिवंडी, नवी मुंबई यांच्यात मिसळलेली आहे. त्यानंतरच्या आकड्यांत तीच वसई मोखाड्याशी मिसळलेली आहे. एका सरासरीत लोकलला लटकणारा विक्री प्रतिनिधी, दुसऱ्या सरासरीत भात कापून झाल्यावर वीटभट्टीवर उतरणारे आदिवासी कुटुंब. दोन्ही सरासऱ्यांत वसईचे स्वतःचे चित्र नाही.

गावे शहर झाली

३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि भोवतालची पन्नासच्या आसपास गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला, आंदोलने झाली. २९ गावे वगळण्याचा निर्णय सरकारने २०११ मध्ये घेतला आणि तो न्यायालयात अडकला. या वादाचा बराच कागद उपलब्ध आहे आणि तो बहुतेक कर, पाणी आणि बांधकाम यांच्याभोवती फिरतो.

रोजगाराच्या दृष्टीने त्यातली एक बाब कमी बोलली गेली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ग्रामीण भागासाठी होती. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यानेही वर्षाला शंभर दिवसांच्या कामाची हमी ग्रामीण कुटुंबालाच दिली. गाव महापालिकेत गेले की त्या गावातला भूमिहीन मजूर कायद्याच्या लेखी शहरी होतो. त्याचे घर, शेत, नाका, ठेकेदार यांतले काही हलत नाही. काम मागण्याचा त्याचा कायदेशीर हक्क तेवढा जातो. नमुना क्रमांक चार भरून काम मागणारे अर्ज हा ग्रामीण बेकारीचा एक मौल्यवान दस्तऐवज असतो, कारण त्यात माणूस स्वतः लिहून देतो की मला काम नाही. महापालिकेच्या स्थापनेनंतर या पट्ट्यातून तो दस्तऐवजच निर्माण होणे थांबले. त्याच्या जागी बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आली खरी. पण तिला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. म्हणजे काम असल्याचा पुरावा मागितला जातो, नसल्याचा कोणी घेत नाही.

गाड्या थांबल्या तेव्हा

वसईचा रोजगार वसईच्या बाहेर आहे, हे अनुमान आतापर्यंत आडवाटेच्या कागदांवरून निघाले. २०२० मध्ये ते समोरासमोर तपासले गेले. कोरोनाच्या साथीमुळे २२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या लोकल बंद झाल्या. १५ जूनपासून त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. दुकाने, कचेऱ्या, कारखाने टप्प्याटप्प्याने उघडत गेले आणि खासगी नोकरीतला वसईकर मात्र इकडेच राहिला. त्याच्याकडे ओळखपत्र होते ते खासगी कंपनीचे, आणि फलाटावर चालणारे ओळखपत्र सरकारी. एसटीच्या बसगाड्या हा एकच आधार होता. २२ जुलैला बसमध्येही जागा मिळेना, तेव्हा नालासोपाऱ्यात संतापलेले प्रवासी रुळांवर उतरले.

या रेल रोकोकडे रोजगाराचा दस्तऐवज म्हणून पाहिले तर त्यात एक स्पष्ट विधान आहे. रुळांवर उतरलेल्यांनी काम मागितले नाही. काम होते, तिथवर जायला वाट मागितली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना प्रवासाची मुभा मिळाली ती पहाटेपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहाची कचेरी गाठणाऱ्याला सातच्या आत गाडी पकडून बरेच आधी पोचणे आणि नऊपर्यंत थांबणे भाग होते. एप्रिलमध्ये पुन्हा बंदी, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना परवानगी. एकूण सतरा महिने घर आणि काम यांच्यातली साठ किलोमीटरची वाट सरकारी आदेशाने कधी बंद, कधी अर्धी उघडी होती.

त्याच वेळी देशातल्या शहरी बेकारीचा तिमाही दर नियतकालिक श्रमबल पाहणीने नोंदवला. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये तो ९.१ टक्के होता. एप्रिल ते जूनमध्ये सुमारे २१ टक्के झाला. या सरासरीत नालासोपाऱ्याचा वाटा किती हे सांगणारा रकाना त्या अहवालात नाही. लोकलच्या आदेशांच्या तारखा आणि हा आलेख शेजारी ठेवता येतात, आणि वसईपुरता निष्कर्ष सावधपणे काढता येतो : इथे टाळेबंदी उठल्यावरही बेकारी उठली नाही, कारण इथली टाळेबंदी रेल्वेच्या दारावर आणखी वर्षभर चालू होती.

एक तासाची नोकरी

मग आजचे काय? श्रमबल पाहणी २०१७-१८ मध्ये सुरू झाली. पहिल्याच अहवालात बेकारीचा दर ६.१ टक्के निघाला आणि अहवाल अडवून ठेवल्याच्या वादातून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. २०२३-२४ मध्ये हाच दर ३.२ टक्क्यांवर आला. वसईत हा आकडा सांगितला तर लोक हसतात. आकडा खोटा आहे असे मात्र यावरून ठरत नाही. पाहणीतल्या व्याख्या पाहिल्या पाहिजेत.

आठवड्याच्या मोजणीत, मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलेला माणूस बेकार धरला जात नाही. कंपनीतून ‘बसवलेला’ मशीन ऑपरेटर जेव्हा मेहुण्याची रिक्षा रात्रीची चालवतो, पदवीधर मुलगी जेव्हा घरी बसून नगावर नकली दागिन्यांना खडे चिकटवते, पन्नाशीतला फिटर जेव्हा सोसायटीत बारा तासांची वॉचमनकी पत्करतो, तेव्हा हे तिघेही पाहणीत रोजगारात असतात. पूर्वेच्या लग्नगड्याच्या वेळी दिसले तेच इथे दिसते : काम असणे आणि कामावर जगता येणे यांतले अंतर बेकारीच्या दरात मावत नाही. वसईत ‘बेकारी वाढली’ म्हणणारा माणूस बहुधा त्या अंतराबद्दल बोलत असतो. पगाराची नोकरी जाऊन हातातोंडाचे काम आले, हे त्याचे म्हणणे आहे. ते तपासायचे असेल तर बेकारीच्या दराऐवजी पगारी नोकरांचे प्रमाण, लेखी करार आणि भविष्यनिर्वाह निधीची खाती पाहायला हवीत.

सुधारणा झाल्या आहेत, त्याही नोंदवायला हव्यात. २०११ च्या जनगणनेने शेतीबाहेरच्या कामगारांना घरापासून कामाचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते. ती मोलाची माहिती होती, फक्त कामाचे गाव विचारले नव्हते. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होणार आहे. म्हणजे वसई-विरारबद्दलचा प्रत्येक सरकारी भागाकार आज चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवर उभा आहे. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीची नमुना निवड जिल्हा हा पाया धरून होऊ लागली. पालघर जिल्ह्याचा विश्वासार्ह आकडा काढणे त्यामुळे पहिल्यांदाच आवाक्यात आले आहे. वसई तालुका आणि उरलेला जिल्हा वेगळा दाखवला तरच त्याचा उपयोग होईल.

हे सगळे आत्ताच करण्याला एक व्यावहारिक कारण आहे. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध जुना आहे. सरकारी निवेदनांत दहा-बारा लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांची भाषा आहे. बंदर खरोखर एवढे काम देईल का, याचा निवाडा आज कोणी करू शकत नाही. पण २०३५ किंवा २०४० मध्ये तो करायचा असेल तर आजची पातळी माहीत हवी : वसई-विरारमध्ये किती गाळे चालू आहेत, प्रत्येकात किती माणसे आहेत, किती जण विरारहून दक्षिणेला जातात, किती मच्छीमार आणि वाडीवाले आपल्या धंद्यावर पोट भरतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या अर्जात गाळ्यातल्या कामगारांच्या संख्येचा एक रकाना आणि जनगणनेच्या प्रश्नावलीत कामाच्या गावाचा एक रकाना, एवढे केले तरी पुष्कळ होईल.

हे रकाने भरले गेले नाहीत तर बंदराचे श्रेय घेणाऱ्यालाही आणि त्याने नुकसान झाले म्हणणाऱ्यालाही सारखीच मोकळीक राहील, आणि दोघांनाही उत्तर देण्यासाठी वसईकराच्या हातात त्याच्या अनुभवाशिवाय काही नसेल. आजवर गिरणी बंद पडली, वाडी विकली गेली, गाळा मिटला, गाव शहर झाले, तेव्हा प्रत्येक वेळी हेच घडले.